न सांगता कसं कळणार?

वाचकांचे प्रश्न : स्वमग्नता आणि दुसऱ्याचं मन

स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी बरीच एकाच मुद्द्याभोवती फिरतात : दुसऱ्याच्या मनातही काही चाललेलं असतं, हे स्वमग्न माणसाला कधी कळतं, कसं कळतं, आणि कळत नसेल तर घरच्यांनी काय करायचं. त्यातली सहा पत्रं इथे घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत, मजकूर थोडा आटोपशीर केला आहे.

प्रश्न : वय २९, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी. मागच्या वर्षी स्वमग्नतेचं निदान झालं. सोळा-सतरा वर्षांचा होईपर्यंत आजूबाजूची माणसं मला रस्त्यावरच्या दुकानांसारखी वाटायची. आई-बाबा होते, मित्र होते, पण त्यांच्याही डोक्यात सतत काहीतरी चालू असतं हे जाणवलंच नव्हतं. अकरावीत असताना बसमध्ये समोरची बाई खिडकीबाहेर बघत स्वतःशीच हसली आणि एकदम लख्ख कळलं, की हिला काहीतरी आठवलंय आणि ते मला कधीच कळणार नाही. पुढे कित्येक रात्री नीट झोप लागली नाही. मी इतकी वर्षं निर्दयी होतो का? आणि हे फक्त माझंच असं आहे का?

उत्तर : फक्त तुमचंच नाही. प्रौढ स्वमग्न माणसं स्वतःविषयी लिहितात-बोलतात तेव्हा हा अनुभव पुन्हा पुन्हा येतो. कुणाला आठव्या-नवव्या वर्षी, कुणाला कॉलेजात, कुणाला तिशी उलटल्यावर. सगळ्यांनाच येतो असं मात्र नाही. काही स्वमग्न माणसांना लहानपणापासून दुसऱ्याच्या मनाची जाणीव असते, उलट ती इतकी तीव्र असते की सहन होत नाही. पण ज्यांना उशिरा कळलं, त्यांच्या सांगण्यात एक गोष्ट बहुतेकदा सारखी असते. लोकांना मन असतं हे त्यांना माहिती म्हणून आधीपासून ठाऊक होतं. कुणी विचारलं असतं तर उत्तर बरोबरच दिलं असतं. समोरच्या जिवंत माणसाकडे बघताना मात्र ते आपोआप ध्यानात येत नव्हतं.

माहीत असणं आणि आपोआप ध्यानात येणं यातला हा फरक संशोधनातही दिसला आहे. अत्सुशी सेंजू, उटा फ्रिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ॲस्पर्जर (स्वमग्नतेच्या एका प्रकाराचं तेव्हाचं नाव) असं निदान असलेल्या प्रौढांवर एक प्रयोग केला. पडद्यावरच्या व्यक्तीचं लक्ष नसताना वस्तू हलवली जाते. ती व्यक्ती आता कुठे हात घालेल? असे प्रश्न तोंडी विचारले तेव्हा या प्रौढांनी बरोबर उत्तरं दिली. पण काहीही न विचारता नुसती चित्रफीत दाखवली, तेव्हा त्या व्यक्तीला वस्तू जिथे आहे असं वाटतंय त्या चुकीच्या जागेकडे इतरांची नजर जशी आधीच वळते तशी यांची वळली नाही. नजरेच्या हालचालींवरचे असे प्रयोग पुढे पुन्हा झाले तेव्हा निकाल दर वेळी सारखे आलेले नाहीत, म्हणून एवढ्यावरच विसंबू नये. तरीही प्रौढ स्वमग्न माणसं स्वतःच्या शब्दांत जे सांगतात ते याच्याशी जुळतं : विचार करायला वेळ मिळाला तर समजतं, चालू संभाषणात सुचत नाही. आणि हे काम जाणीवपूर्वक करावं लागत असल्यामुळे थकवा, गोंगाट, भूक, कामाचा ताण यांत तेच सगळ्यात आधी हातातून सुटतं. संध्याकाळी घरी आल्यावर तुम्ही ‘तुटक’ वागता असं कुणी म्हणत असेल, तर त्याचं कारण बहुधा हे आहे.

आता निर्दयीपणाचं. निर्दयी माणसाला समोरच्याला दुखतंय हे कळतं आणि तरी तो पाठ फिरवतो. तुमच्या ते ध्यानातच आलं नव्हतं, आणि आलं त्या दिवसापासून तुमची झोप उडाली. निर्दयी माणसाची झोप या गोष्टीने उडत नाही.

असा उलगडा झाल्यानंतरच्या काळात दोन गोष्टी सांभाळा. पहिली म्हणजे दुसऱ्या टोकाला जाणं. एकदा सगळ्यांना मन आहे हे जाणवलं, की काहीजण बसमधल्या, ऑफिसमधल्या, लिफ्टमधल्या प्रत्येकाच्या मनाचा अंदाज बांधायला लागतात. चेहरे वाचायचे, आपला चेहरा त्यानुसार बदलायचा, बोललेलं वाक्य रात्री पुन्हा तपासायचं. याने माणूस काही महिन्यांत पार दमून जातो. चार किंवा पाच माणसं ठरवा, ज्यांच्या मनात काय आहे हे तुमच्या दृष्टीने खरंच महत्त्वाचं आहे. त्यांच्याबाबतीतही अंदाजापेक्षा थेट विचारणं बरं : ‘तू गप्प आहेस. माझ्यामुळे, की दुसरं काही?’ उत्तर मिळालं की ते खरं धरा आणि तिथे थांबा. बाकीच्यांशी नेहमीचं सभ्य वागणं पुरेसं आहे.

दुसरी म्हणजे जुन्या चुकांची यादी. ती करत बसलात तर संपणार नाही. ज्या एक-दोन प्रसंगांत खरोखर कुणी दुखावलं गेलं होतं आणि त्या व्यक्तीशी आजही संबंध आहे, तेवढेच घ्या. निरोप छोटा ठेवा. उदाहरणार्थ : ‘दहावीत तुझी आजी गेली तेव्हा मी शाळेत तुझ्याशी एक शब्द बोललो नाही. तुला काय वाटत असेल हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. आता येतं. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.’ शेवटचं वाक्य जरूर लिहा. ते नसेल तर माफ करण्याचं ओझं समोरच्यावर पडतं. निदानाची सगळी हकिगत याच निरोपात घालू नका. त्याने माफीचं स्पष्टीकरण होतं, आणि वाचणाऱ्याला ती सबब वाटते.

प्रश्न : आमचा मुलगा ९ वर्षांचा आहे. मानसोपचार केंद्रात त्याची बाहुल्यांची चाचणी घेतली, त्यात तो नापास झाला. ‘याला इतरांच्या मनाची कल्पना नाही’ असं सांगण्यात आलं. म्हणजे ती कधीच येणार नाही का? — वडील, नांदेड

उत्तर : ही चाचणी नेमकी काय मोजते ते आधी बघू, म्हणजे निकालाचं वजन कळेल. सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी १९८५ मध्ये ती लंडनमध्ये वापरली. सॅली नावाची बाहुली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. ॲन नावाची दुसरी बाहुली ती काढून खोक्यात लपवते. सॅली परत येते. ती गोटी कुठे शोधेल? सॅलीने अदलाबदल पाहिलेली नाही, म्हणून उत्तर ‘टोपलीत’. त्या अभ्यासात २० स्वमग्न मुलांपैकी १६ जणांनी ‘खोक्यात’ म्हटलं, म्हणजे स्वतःला जे माहीत तेच सॅलीलाही माहीत असं धरलं. डाउन सिंड्रोम असलेल्या १४ मुलांपैकी १२ जणांनी आणि इतर २७ मुलांपैकी २३ जणांनी बरोबर सांगितलं. वर्षानुवर्षं ‘१६ नापास’ हाच आकडा सांगितला गेला. त्याच गटातली चार मुलं पास झाली होती, हे फारसं कुणी सांगत नाही.

पुढे दहा वर्षांनी फ्रान्सेस्का हॅपे यांनी अनेक अभ्यासांतली माहिती एकत्र करून पाहिलं. इतर मुलं साधारण चार वर्षांची भाषा आली की ही चाचणी पार करू लागतात. स्वमग्न मुलांना सुमारे नऊ वर्षांच्या पातळीची भाषा लागते. इथे भाषेचं वय महत्त्वाचं, जन्मतारखेचं नव्हे. तुमचा मुलगा ९ वर्षांचा असला तरी त्याची भाषेची समज सहा वर्षांची असेल, तर या निकालात नवल काही नाही, आणि तो कायमचाही नाही. भाषेचा वाटा किती मोठा आहे याचा आणखी एक पुरावा ऑस्ट्रेलियात कँडिडा पीटरसन आणि मायकेल सीगल यांच्या अभ्यासातून मिळाला : ऐकू येणाऱ्या आई-वडिलांच्या घरी वाढलेली, खुणांची भाषा उशिरा शिकलेली कर्णबधिर मुलंही या चाचणीत अडखळतात. ती स्वमग्न नसतात. मनातल्या गोष्टींबद्दलचं बोलणं त्यांच्यापर्यंत पुरेसं पोचलेलं नसतं, एवढंच.

म्हणून केंद्रात तीन गोष्टी विचारा. चाचणी कुठल्या भाषेत घेतली? घरी मराठी आणि चाचणी इंग्रजी-हिंदीत असेल, तर निकाल बाजूला ठेवा. ‘गोटी आता खरी कुठे आहे?’ आणि ‘सुरुवातीला कुठे होती?’ हे दोन पडताळणीचे प्रश्न विचारले का? ते चुकले असतील तर मुलाला गोष्टच लक्षात राहिलेली नाही, मनाचा भाग नंतरचा. आणि प्रश्न ‘सॅली कुठे बघेल?’ असा होता की ‘सॅली आधी कुठे बघेल?’ असा? ‘आधी’ हा शब्द नसेल तर मूल प्रश्नाचा अर्थ ‘गोटी मिळायला तिने कुठे बघायला हवं?’ असा घेऊ शकतं.

या चाचणीवरून स्वमग्नतेचं निदान होत नाही आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्रही मिळत नाही. प्रमाणपत्रासाठी आपल्याकडे मुख्यतः ‘इसा’ ही मोजपट्टी वापरतात : ४० विधानं, प्रत्येकाला १ ते ५ गुण, एकूण ७० किंवा त्याहून अधिक आले तर स्वमग्नता धरली जाते. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. ही सगळी कामं बाहुल्यांच्या निकालावर अडवून ठेवू नका.

प्रश्न : मुलगा ८ वर्षांचा, चांगलं बोलतो. शाळेत काय झालं हे कधीच सांगत नाही. मी विचारलं की चिडतो, ‘तुला माहितीये!’ म्हणून ओरडतो. मागच्या महिन्यात दोन दिवस कान दुखत होता, ताप आल्यावर आम्हाला कळलं. तो लपवतो का? — आई, सांगली

उत्तर : लपवत नाही. त्याच्या हिशेबी तुम्हाला आधीच माहीत आहे. जे त्याने पाहिलं, जे त्याला दुखलं, ते आईलाही ठाऊक असणारच. मग ही पुन्हा का विचारते, छळते का, असं त्याला वाटतं. ‘तुला माहितीये’ हे वाक्य शब्दशः खरं समजा.

याची सुरुवात तुमच्या बोलण्यापासून करा. दिवसातून चार-पाच वेळा, सहज, स्वतःचं न कळणं मोठ्याने बोलून दाखवा. ‘बाबा आले का? मला माहीत नाही, मी स्वयंपाकघरात होते.’ ‘दूध संपलंय? मला कळलं नाही, मी फ्रीज उघडलाच नव्हता.’ प्रत्येक वाक्यात कारण हवं : पाहिलं नाही, ऐकलं नाही, कुणी सांगितलं नाही. पंधरा-वीस दिवस नुसतं कानावर पडू द्या, प्रश्न विचारू नका.

मग तीन प्रश्नांचं कार्ड करा आणि दप्तराजवळ लावा. आई तिथे होती का? आईने पाहिलं किंवा ऐकलं का? आईला कुणी सांगितलं का? तिन्हीला ‘नाही’ आलं तर आईला माहीत नाही, सांगावं लागेल. शाळेतून आल्यावर ‘आज काय झालं?’ असं मोघम विचारू नका. एक ठरावीक प्रसंग घ्या : ‘मधल्या सुट्टीत. मी तिथे होते का?’ तो ‘नाही’ म्हणाला की दहापर्यंत मनात मोजत गप्प राहा. उत्तर यायला वेळ लागतो, आणि त्या वेळात दुसरा प्रश्न आला की पहिला पुसला जातो.

बिस्किटांच्या पुड्याचा खेळही घेता येईल. बिस्किटांच्या रिकाम्या पुड्यात सुईदोरा ठेवा, त्याला उघडून दाखवा, बंद करा. बाबा ऑफिसातून आले की आत काय आहे असं म्हणतील? तो ‘सुईदोरा’ म्हणाला तर चूक काढू नका. बाबांनाच विचारू द्या. बाबा ‘बिस्किटं’ म्हणाले की त्याला जे आश्चर्य वाटेल तेच शिकणं आहे. (घरात बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात नेहमीच सुईदोरा असेल तर तो डबा घेऊ नका, बाबाही ‘सुईदोरा’च म्हणतील.) मात्र या खेळाचा रतीब घालू नका. १९९० च्या दशकात अशा चाचण्या शिकवण्याचे प्रयोग झाले, त्यात मुलं चाचणी पास व्हायला शिकली, पण रोजच्या बोलण्यात फारसा फरक पडला नाही. खेळ आठवड्यातून एकदोनदा पुरे, कार्ड रोज.

झालेला प्रसंग समजून घ्यायला चित्रं काढून बोलणं फार उपयोगी पडतं. अमेरिकेतल्या शिक्षिका कॅरल ग्रे यांनी १९९४ मध्ये ही पद्धत मांडली. न रेघांची वही, दोन रंगांचे पेन. समोरासमोर नाही, शेजारी बसा, म्हणजे डोळ्याला डोळा भिडवायची सक्ती राहत नाही. एका पानावर एकच प्रसंग. आधी जागा काढा, मग काड्यांची माणसं. कोण काय बोललं ते टोकदार शेपटीच्या फुग्यात, कोण काय मनात म्हणालं ते ढगात. क्रम असा ठेवा : तू काय बोललास, तो काय बोलला, तू मनात काय म्हणालास, आणि सगळ्यात शेवटी त्याच्या मनात काय असेल. दहा मिनिटांच्या वर जाऊ नका.

घोटाळा बहुतेकदा दुसऱ्याच्या ढगापाशी होतो. तो ढग आई-बाबा घाईने भरून टाकतात, आणि तेही ‘त्याला किती वाईट वाटलं बघ’ असं. म्हणजे वही उपदेशाची झाली. त्या ढगात आधी प्रश्नचिन्ह काढा, मग दोन शक्यता लिहा, आणि जमलं तर दुसऱ्या दिवशी त्या मित्रालाच विचारू द्या. मुलाने दुसऱ्याच्या ढगात स्वतःचाच विचार लिहिला तर खोडू नका, शेजारी आणखी एक ढग काढा. दुसरी चूक म्हणजे भांडणाच्या दिवशीच वही काढणं. महिनाभरात मूल वही बघितली की पळतं. वाढदिवस, क्रिकेट, मामाकडे खाल्लेले आंबे, हेही काढा. आणि रडून-ओरडून झाल्याबरोबर कधीच नको. मूल पूर्ण शांत होऊन तासभर गेल्यावर.

कानदुखीचा मुद्दा वेगळा आणि तातडीचा आहे. त्याला दुखणं उशिरा जाणवतं असंही असू शकतं. रोज आंघोळीनंतर शरीराच्या चित्रावर बोट ठेवून विचारा : कान, घसा, दात, पोट, शू करताना. ‘दुखतंय का?’ला ‘नाही’ म्हणायची सवय लागते, म्हणून ‘कालच्यासारखं की वेगळं?’ असंही विचारा. आणि त्याला एक नियम स्पष्ट शब्दांत द्या : कुणी मारलं, कुणी कपड्यांच्या आत हात लावला, कुणी ‘आईला सांगू नको’ म्हटलं, तर आईला ते माहीत नसतं, त्याच दिवशी सांगायचं. ज्या मुलाला आईला आपोआप कळतं असं वाटतं, ते मूल आईने गप्प बसण्याचा अर्थ ‘आईला हे चालतं’ असाही घेऊ शकतं. म्हणून हे वाक्य पुढे ढकलू नका.

प्रश्न : माझी ६ वर्षांची मुलगी झिजलेली चप्पल टाकली म्हणून तासभर रडते. दाराला धक्का लागला तर दाराला सॉरी म्हणते. गणपती विसर्जनाला तर आकांत. पण धाकटा भाऊ रडत असला की कानावर हात ठेवून निघून जाते. वस्तूंना मन आहे आणि भावाला नाही, असं तिला वाटतं का? — आई, चिपळूण

उत्तर : लहान मुलं वस्तूंना जीव लावतातच, पण स्वमग्न माणसांमध्ये हे अधिक प्रमाणात आणि मोठेपणीही आढळतं, असं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात दिसलं. ‘चपलेला काय मन असतं का?’ असं तिला विचारू नका. दुसऱ्याला काय वाटत असेल याचा विचार करायची ताकद तिच्यात आहे, आणि ती या रूपात दिसते आहे. चप्पल गुपचूप टाकू नका. दोन दिवस आधी सांगा, फोटो काढा, निरोप तिलाच देऊ द्या. विसर्जनाचं आठवडाभर आधी कॅलेंडरवर खूण करून सांगा, आणि मिरवणुकीला न्यायलाच हवं असं नाही.

भावाजवळून ती निघून जाते याचं कारण तुमच्याच पत्रात आहे : कानावर हात. दार रडत नाही, भाऊ किंचाळतो. तो आवाज तिला स्वतःलाच सहन होत नाही. तिच्यासाठी एकच ठरलेलं काम ठेवा : भाऊ रडला की आईला बोलवायचं, किंवा त्याचा टेडी त्याच्याजवळ ठेवायचा, आणि मग दुसऱ्या खोलीत जायचं. जवळ घेऊन समजूत काढण्याची अपेक्षा आत्ता नको.

प्रश्न : यजमान ४१ वर्षांचे, दोन वर्षांपूर्वी स्वमग्नतेचं निदान. मी डोकं धरून बसले तरी हे शेजारी बसून मोबाइलवर रेल्वेचं वेळापत्रक बघतात. ‘कुकर लावा’ म्हटलं की लगेच लावतात, वर भांडीही घासतात. पण सांगितल्याशिवाय नाही. पंधरा वर्षं संसार केल्यावर इतकं तरी कळायला नको का? — ठाणे

उत्तर : ताई, आपल्याकडे ‘सांगावं लागलं तर काय उपयोग’ हे प्रेमाचं माप मानलं जातं, त्यामुळे तुमचं दुखणं रास्त आहे. पण तुमच्या घरात हे माप लावलं तर दोघंही रोज हरणार. सांगितल्यावर ते लगेच उठतात, भांडीही घासतात, म्हणजे इच्छा आहे. अडचण त्याच्या आधीच्या पायरीवर आहे : डोकं धरलेलं दिसतं, पण त्यावरून ‘हिला थकवा आलाय, आता मी उठायला हवं’ इथपर्यंत मन आपोआप पोचत नाही.

सूचना, सुस्कारे, भांड्यांचा आवाज यांचा उपयोग नाही. वाक्यात तीन गोष्टी हव्यात : मला काय होतंय, तुम्ही काय करायचं, कधीपर्यंत. ‘माझं डोकं दुखतंय. कुकर तुम्ही लावा. आठ वाजेपर्यंत मी पडते.’ काम नको असेल तर तेही सांगा : ‘मला उपाय नकोय, पाच मिनिटं नुसतं ऐका.’ हे सांगितलं नाही तर ते उपाय सुचवतील, कारण त्यांच्या दृष्टीने मदत म्हणजे तीच. रोज तोंडी सांगून तुम्ही दमत असाल तर फ्रीजवर पाटी लावा, त्यावर थकवा किती ते सांगणारा फक्त १ ते ५ आकडा. ४ लिहिला की रात्रीचा स्वयंपाक त्यांचा, हे एकदा बसून ठरवा. आकड्याचा अर्थ ठरलेला नसेल तर पाटी दोन आठवड्यांत निरुपयोगी होते.

त्यांना स्वतःचा थकवा, राग, भूक तरी वेळेवर ओळखता येते का, हेही बघा. स्वतःच्या भावना ओळखून शब्दांत मांडणं अवघड जाण्याला ॲलेक्सिथायमिया म्हणतात. एरवी शंभरातल्या पाचेक जणांत ती आढळते, स्वमग्न माणसांत जवळपास निम्म्यांत. ज्याला स्वतःचंच दुखणं उशिरा कळतं, त्याला दुसऱ्याचं कसं पटकन कळावं?

दुसरी बाजूही आहे. त्यांच्या मनात काय चाललंय हे तुम्हाला नीट कळतं का? ब्रिटनमधले संशोधक डेमियन मिल्टन, जे स्वतः स्वमग्न आहेत, त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की न कळणं दोन्हीकडून असतं. २०१६ च्या एका प्रयोगात लोकांना पडद्यावरचे दोन त्रिकोण हलवून ‘चिडवणं’, ‘मनधरणी’ असे प्रसंग दाखवायला सांगितलं. स्वमग्न व्यक्तींनी केलेले प्रसंग इतरांना नीट ओळखता आले नाहीत. निर्विकार चेहरा म्हणजे बेफिकिरी, नजर न देणं म्हणजे दुर्लक्ष, असे अर्थ आपण सहज लावतो आणि ते बऱ्याचदा चुकतात. वेळापत्रक बघत ते तुमच्या शेजारी येऊन बसतात, दुसऱ्या खोलीत जात नाहीत. त्यांना विचारा, का. उत्तर ऐकण्यासारखं असेल.

एक मर्यादा मात्र पक्की ठेवा. स्पष्ट शब्दांत, शांतपणे, अनेकदा सांगूनही कुणी अपमान करत राहिलं, पैसे अडवले, हात उचलला, तर त्याचं कारण स्वमग्नता नव्हे. त्या वेळी महिलांसाठीचा १८१ हा क्रमांक आहे. तुमच्या पत्रात असं काही नाही, पण हे पान वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या घरी असू शकतं.

प्रश्न : नातू १४ वर्षांचा, स्वमग्न. माझे यजमान वारले तेव्हा तो रडला नाही. तेराव्याला सगळ्या पाहुण्यांसमोर त्याने विचारलं, ‘आजोबांचं घड्याळ मला मिळणार का?’ माझ्या नणंदेने ‘काय कोरडा पोरगा’ म्हटलं. आता तीन महिने होत आले, रोज रात्री येऊन विचारतो, ‘आजोबांना दवाखान्यात किती वाजता नेलं?’ मी सांगते, तो जातो, दुसऱ्या दिवशी पुन्हा. मला फार त्रास होतो. — आजी, कोल्हापूर

उत्तर : आजी, तुमचा नातू शोक करतो आहे. घड्याळाचा प्रश्न हा शोकच होता, आणि रात्रीचा प्रश्नही. स्वमग्न मुलांमध्ये दुःख पुष्कळदा उशिरा वर येतं, रडण्याऐवजी प्रश्नांतून, वस्तूंतून, बिघडलेल्या झोपेतून. रडणं हीच दुःखाची खूण धरली की असं मूल कोरडं वाटतं. त्या दिवशी त्याला आजोबांचं मन कळलं नाही असं नव्हे. जमलेल्या मोठ्या माणसांना त्याचं मन कळलं नाही.

घड्याळ त्याला द्या. पट्टा सैल होत असेल तर घड्याळजीकडून जादा छिद्र पाडून घ्या, पण पट्टा नवा लावू नका आणि घड्याळ पॉलिशही करू नका. स्पर्श आणि वास बदलला तर त्याच्यासाठी ते आजोबांचं राहत नाही.

रोजच्या प्रश्नाचं उत्तर एकदा कागदावर लिहा. किती वाजता त्रास सुरू झाला, किती वाजता गाडी आली, सोबत कोण होतं, डॉक्टर काय म्हणाले, किती वाजता गेले. जेवढं खात्रीने ठाऊक आहे तेवढंच. ‘देवाघरी गेले’, ‘झोपले’ असे शब्द नकोत. ‘हृदय बंद पडलं, शरीर चालायचं थांबलं, ते परत येणार नाहीत’ असं सरळ लिहा. कागदाच्या खाली त्याला लिहायला जागा सोडा. अनेकदा या एका प्रश्नाच्या मागे दुसरा असतो : आपण लवकर सांगितलं असतं तर वाचले असते का, किंवा आता आजीलाही असंच नेणार का. तो आपणहून विचारणार नाही, म्हणून तुम्हीच कागदावर लिहा : ‘यात तुझी काही चूक नव्हती.’ आणि तुम्हाला त्रास होतो हेही त्याला सांगायला हवं, चेहऱ्यावरून त्याला ते कळणार नाही. ‘हा प्रश्न ऐकला की मला रडू येतं. रात्री कागद वाच. मला विचारायचं असेल तर रविवारी सकाळी चहाच्या वेळी विचार.’ वेळ ठरवून दिली की बहुतेक मुलं ती पाळतात. रविवारी मात्र तुम्ही खरोखर बसा.

नणंदबाईंना तुमच्या सुनेने किंवा मुलाने एकदा सांगावं, नातवासमोर नाही.

तो पंधरा दिवसांहून अधिक काळ नीट जेवत-झोपत नसेल, आधी येत असलेल्या गोष्टी करेनासा झाला असेल, शाळा पूर्ण सुटली असेल, किंवा ‘मलाही जायचंय’ असं काही बोलला असेल, तर थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, मोफत आहे. डॉक्टरांकडे नेताना तो रोज काय आणि किती वाजता विचारतो, किती तास झोपतो, हे आठवडाभराचं लिहून न्या. तिथे गेल्यावर तो स्वतः बहुधा काही बोलणार नाही.